दोरी शेवटी: जुनी कॅनेडियन चेनसॉ ओळखायची आणि जमवायची कशी

मला जुन्या चेनसॉचे, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळीच्या करवतींचे फोटो पाठवणाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. शेतावरच्या लिलावात नाहीतर कुणाच्या गॅरेजमध्ये करवत सापडते. तिथल्या तिथे पाच-सात वेळा इंजिन सुरू करायची दोरी ओढून बघतात. घरी आणून घासूनपुसून लख्ख करतात. आणि मग फोटोसकट विचारतात, "ही कुठली? कॅनडाचीच ना?" तोवर उत्तर देणारी, करवतीवरची नाव-नंबराची पट्टी कोरी झालेली असते आणि पिस्टनवर ताजे ओरखडे उठलेले असतात.

हा क्रम उलटा करायचा: आधी ओळख, मग तपासणी, मग व्यवहार, मग सफाई. सुरू करायला दोरी ओढणं सगळ्यात शेवटी. मी कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात राहतो, त्यामुळे पुढचं सगळं इथल्या बाजारातलं आहे. ब्रिटिश कोलंबियात करवती वेगळ्या मिळतील, पद्धत हीच.

## १. निघण्यापूर्वी पिशवीत काय हवं

लहान टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा, मऊ ब्रश, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल. स्पार्क प्लगचे दोन पाने: पाऊण इंची आणि तेरा-सोळांश इंची. जुन्या करवतींचे प्लग या दोन मापांत जवळपास सगळे निघतात. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर. मोठ्या तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर. इंची पान्यांचा आणि इंची ॲलन-कीचा संच.

*इशारा:* भारतातून आणलेला मिलिमीटरचा संच घेऊन जाऊ नका. १३ मिमीचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. विक्रेत्यासमोर त्याच्या करवतीचा नट खराब केलात की घासाघीस संपलीच.

## २. पट्टी वाचणं

माझी पहिली करवत आज माझ्याकडे निनावी पडून आहे. लिलावातून आणली आणि उत्साहाने इंजिनचा चिकटा काढायचं द्रावण मारलं. चिकटा गेला, त्याबरोबर पट्टीवरची छापील अक्षरंही गेली. ठोकलेले चार आकडे तेवढे उरले.

म्हणून पट्टी आधी वाचायची, तीही न पुसता. ती स्टार्टरच्या झाकणावर, मागच्या मुठीखाली किंवा टाकीच्या बाजूला असते. टॉर्च समोरून न धरता अगदी आडवा धरा; उथळ अक्षरंही सावलीने उठून दिसतात. फोटो त्या उजेडात काढा. ठोकलेले आकडे दिसत नसतील तर पातळ कागद दाबून धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप घ्यायचो, तसंच. डोळ्याला न दिसणारा ३ आणि ८ मधला फरक कागदावर दिसतो.

आता गावाचं नाव शोधा. कॅनेडियन करवतींत दोन गावं पुन्हापुन्हा भेटतात.

व्हँकुव्हर असेल तर ती बहुधा दोघांपैकी एकाची: इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग लिमिटेड, म्हणजे आयईएल, किंवा पॉवर मशिनरी लिमिटेड, म्हणजे पीएम. 'पायोनियर' हे नाव आयईएलचं, आणि त्यांची 'बीव्हर'ही संग्राहकांना ठाऊक असते. पीएमची गाजलेली मालिका 'कॅनेडियन'.

पीटरबरो असेल तर ती आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे ओएमसीच्या काळातली पायोनियर. बोटींची जॉन्सन आणि एव्हिनरूड इंजिनं बनवणाऱ्या या कंपनीने १९५६ मध्ये आयईएल विकत घेतली आणि पुढे पायोनियरचं उत्पादन पीटरबरोला आणलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस हा धंदा स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सकडे गेला आणि पायोनियरची सांगड त्यांच्याच पार्टनर या ब्रँडशी घातली गेली. इतकं पाठ असलं की अर्ध्या करवती जागेवर ओळखता येतात.

*शोधताना एक गोम:* पीएमच्या 'कॅनेडियन'चं इंग्रजी स्पेलिंग फ्रेंच वळणाचं आहे. शेवटी 'ए-एन' नाही, 'ई-एन' येतं. जाहिरातींच्या साइटवर शोध घेताना यंत्रणा ते आपणहून 'दुरुस्त' करते आणि कॅनडातल्या सगळ्या करवती समोर ओतते. नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा. उलटंही करून पाहा, कारण विकणाऱ्यांनीच चुकीचं स्पेलिंग टाकलेलं असतं आणि अशा जाहिरातीवर गर्दी कमी असते. आयईएलचा 'आय' अनेकांना 'एल' किंवा एकचा आकडा वाटतो, तसंही शोधा.

## ३. तीन साक्षीदार

एका पट्टीवर विसंबू नका. सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

दोरीवाल्या स्टार्टरचं झाकण तीन-चार स्क्रूंवर असतं आणि मॉडेलचं नाव बहुधा त्याच झाकणावर. स्टार्टर बिघडणं ही या यंत्रांची नेहमीची रड. दुरुस्तीवाले दुसऱ्या करवतीचं झाकण काढून लावून द्यायचे. यात लबाडी नव्हती, गिऱ्हाइकाला सोमवारी जंगलात जायचं असायचं. त्यामुळे झाकण एका करवतीचं, धड दुसरीचं, असं सर्रास सापडतं.

म्हणून तीन ठिकाणं एकमेकांशी जुळवा:

पहिलं, मॉडेल आणि अनुक्रमांकाची पट्टी. दुसरं, एअर फिल्टरच्या झाकणावरचं किंवा मुठीवरचं नाव आणि त्यांच्या रंगांचा मेळ. एक झाकण ताजं हिरवं आणि बाकी अंग उन्हाने विटलेलं असेल तर विचारा. तिसरं, कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. यातल्या बऱ्याच करवतींवर टिलॉटसन कंपनीचा कार्ब्युरेटर असतो आणि त्याच्या अंगावर 'एचएल' किंवा 'एचएस', पुढे आकडे आणि एखादं अक्षर ठोकलेलं असतं. कोणता कार्ब्युरेटर कोणत्या मॉडेलला दिला होता हे सुट्या भागांच्या जुन्या याद्यांत मिळतं. तिन्ही जुळले तर करवत अस्सल. दोन जुळले तर किंमत पाडून मागा. एकच जुळला तर ती सुट्या भागांसाठी घ्यायची करवत.

कशाला पुरावा मानायचं नाही, तेही सांगतो. 'ऑफ कॅनडा लिमिटेड' ही अक्षरं परदेशी कंपनीच्या इथल्या शाखेचीही असू शकतात. माल आयात केलेला असतो. इंग्रजी-फ्रेंच सूचना असल्या तर करवत कॅनडात विकली गेली एवढंच कळतं. मेपलच्या पानाचं चिकटपत्र कुणीही लावतं. पायोनियर आणि पार्टनर ही नावं जोडीने दिसली तर जास्तच सावध व्हा: स्वीडनमध्ये बनलेल्या यंत्रांवरही पायोनियरचं नाव आलं आहे.

आणि ब्लेड (साखळी ज्याच्याभोवती फिरते ते लांब पातं) किंवा साखळीवरून करवतीचं नाव ठरवू नका. ते चपलेवरून माणूस ओळखण्यासारखं आहे. दर काही महिन्यांनी बदलायची ती वस्तू.

## ४. काळ ठरवणं

नेमकं साल अनुक्रमांकावरून सांगणारे पुष्कळ भेटतील. मी दशकावर समाधान मानतो, आणि ते यंत्राच्या रचनेवरून ठरवतो.

ब्लेड इंजिनाच्या मानाने फिरवून आडवं-उभं करायची सोय आहे का? असेल तर यंत्र जुन्या वळणाचं. तेव्हाच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता फ्लोट असायचा. इंजिन कलंडलं की पेट्रोलचा हिशेब बिघडे. झाड पाडताना ब्लेड आडवं हवं, म्हणून इंजिन उभं ठेवून फक्त ब्लेड फिरवायची युक्ती केली होती. १९५०च्या दशकात पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा कार्ब्युरेटर रुळला आणि करवत उलटी धरली तरी चालू लागली.

साखळीच्या बाजूचं आवरण फुगीर आहे आणि त्यावर तेल भरायचं वेगळं बूच आहे? मग आत गिअर आहेत. साखळी फिरवणारं दातेरी चाक थेट क्लचच्या ड्रमवर असेल तर ती डायरेक्ट ड्राइव्ह. दोन्ही पद्धती बराच काळ शेजारी शेजारी विकल्या गेल्या, तेव्हा गिअर दिसले की 'फार जुनी' अशी उडी मारू नका.

मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे गट्टू असतील, पुढच्या मुठीपाशी साखळी थांबवणारा ब्रेक असेल, फ्लायव्हीलखाली (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाखाली) ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट नसून बंद इलेक्ट्रॉनिक डबी असेल, तर १९७०चं दशक किंवा त्यानंतरचं. पायोनियरची 'पी' अक्षराची मालिका साधारण या टप्प्यावरची. '६००'ची मालिका तिच्या आधीची.

*पडताळा:* इथवर तुम्ही करवत उचलून फिरवलीत, फोटो काढलेत, कागदावर छाप घेतलात. दोरीला हात लागलेला नाही. बरोबर चाललंय.

## ५. पिस्टन बघितल्याशिवाय पैसे नाहीत

विक्रेता स्वतःच पुढे येऊन दोरी ओढायला लागेल, "बघा, कशी घट्ट आहे!" त्याला थांबवा. नम्रपणे, पण थांबवा. वीस-तीस वर्षं पडलेल्या सिलिंडरमध्ये तेलाचा थेंब नसतो, पिस्टनच्या रिंगांना गंज असतो. त्यात सायलेन्सरमधून उंदराचं घरटं किंवा गांधीलमाशीचं मातीचं घर आत गेलेलं असतं. झटका दिलात की ते सगळं पिस्टन आणि भिंतीच्या मध्ये भरडलं जातं.

क्रम असा:

१. प्लग काढा. टोकाचा रंग बघा. तपकिरी उत्तम. पांढराफटक असेल तर इंजिन पेट्रोल-तेलाला उपाशी राहून तापलेलं असू शकतं.

२. सायलेन्सर काढा. दोन-तीन बोल्ट असतात. घट्ट असतील तर जोर करू नका. बोल्ट तुटला तर तुमच्या अंगावर. इथे विक्रेत्याची परवानगी हवीच.

३. दोरी चिमटीत धरून अगदी हळू ओढा, पिस्टन सायलेन्सरमागच्या उघड्या खिडकीत येईपर्यंत. टॉर्च मारा. गुळगुळीत राखाडी पृष्ठभाग, त्यावर कारखान्यातल्या आडव्या बारीक रेषा: छान. वरून खाली उभे ओरखडे: नख लावून बघा. नख अडकलं तर पिस्टन गेला.

४. प्लगच्या भोकातून टू-स्ट्रोकच्या तेलाचे चार-पाच थेंब सोडा, हळूच दोन-तीन फेरे द्या. मगच गेज लावा, थ्रॉटल (वेग वाढवायची कळ) पूर्ण दाबून धरा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. १५० पीएसआयच्या आसपास असेल तर मन शांत. १२०च्या खाली असेल तर रिंगांचा खर्च किमतीतून वजा करा. तेलाने आकडा थोडा फुगतो हे लक्षात ठेवा.

त्यानंतर अंग तपासा. या करवतींची बरीचशी ओतीव अंगं मॅग्नेशियमची आहेत: हलकी, पण तडकणारी आणि खारट ओलाव्याने पांढरी भुकटी धरणारी. पुढची मूठ जिथे अंगाला जोडली आहे तिथे, आणि ब्लेडच्या बोल्टांच्या मुळाशी आरसा लावून केसाएवढी चीर शोधा. फ्लायव्हीलची पाती मोजा, तुटलेलं पातं म्हणजे तोल गेलेला. ब्लेडच्या बोल्टांचे आटे मेलेले नाहीत ना, नट हाताने फिरवून बघा.

*भाव ठरवताना:* न चालणारी पण पूर्ण करवत ही चालणाऱ्या पण अपुऱ्या करवतीपेक्षा नेहमी महाग समजा. रिंगा, प्लग, पडदे मिळतात. एअर फिल्टरचं मूळ झाकण, टाकीचं बूच, मूळ मूठ मिळवायला वर्षं जातात. नवशिके इंजिन सुरू झालं म्हणून भाळतात आणि वरचं झाकण कुठे आहे हे घरी आल्यावर विचारतात.

## ६. घरी आणणं

टाकी तिथेच रिकामी करा. डिकीत आडवी पडलेली जुनी करवत एका तासात गाडीभर शिळ्या पेट्रोलचा वास करते. तो आठवडाभर जात नाही, घरच्यांची बोलणी वेगळी.

कुरिअरने मागवत असाल किंवा भारतात पाठवायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या. वापरलेलं पेट्रोल इंजिन वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालात मोडतं. टाकी आणि कार्ब्युरेटर कोरडे ठणठणीत हवेत, आणि बऱ्याच कंपन्या तरीही नाही म्हणतात.

## ७. सफाई: इथे सगळ्यात जास्त वाट लागते

उघडण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो. प्रत्येक झाकणाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत. त्यांची लांबी सारखी नसते, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो आत जाऊन फ्लायव्हीलला टेकतो.

चिकट मळीला रॉकेल आणि ब्रश पुरे. पट्टी आणि चिकटपत्रं यांच्याभोवती दोन बोटं जागा सोडा. त्यांना फक्त कोमट साबणाचं पाणी, बोटाने. ॲसिटोन, कार्ब्युरेटरचा फवारा, चिकटा काढायची द्रावणं त्यांच्याजवळ आणू नका.

*इशारा:* गंज काढायला व्हिनेगरमध्ये भिजत घालायची युक्ती लोखंडाच्या हत्यारांसाठी आहे. मॅग्नेशियम आम्लात विरघळतं. मी एकदा स्टार्टरचं झाकण रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं होतं. बुडबुडे येताना बघून 'काम करतंय' असं वाटलं. सकाळी झाकणाला जाळीदार घावनासारखी खड्डेखड्डे कळा आली होती. लिंबू, चिंच, गंज उतरवायची बाजारी द्रावणं, कुठलंच आम्ल चालत नाही.

*दुसरा इशारा:* मॅग्नेशियम ग्राइंडरवर धरू नका. त्याची बारीक पूड पेटते, आणि पेटल्यावर पाणी टाकलं तर आग भडकते.

रंग द्यायचा की नाही? माझं मत: नाही. मूळ हिरवा-पिवळा रंग अर्धा उडालेला असला तरी त्याला जी किंमत आहे ती नव्या चकचकीत फवाऱ्याला नाही. ज्यांना भिंतीवर टांगायची आहे त्यांनी खुशाल रंगवावी, पण आधीचे फोटो जपून ठेवावेत.

## ८. जागं करणं

आता कुठे इंजिन. क्रम ठिणगी, पेट्रोल, हवा असाच ठेवा.

ठिणगी. फ्लायव्हील काढून पॉइंट उघडा. वर्षानुवर्षांचा पापुद्रा हेच ठिणगी नसण्याचं कारण दहातल्या सात वेळा माझ्याकडे निघालं आहे. बारीक पॉलिश पेपर एकदाच ओढा, मग स्वच्छ जाड कागद पॉइंटमधून ओढत राहा, तो काळा यायचा थांबेपर्यंत. फट साधारण ०.०१५ इंच. कॉइल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकामध्ये व्हिजिटिंग कार्ड बसेल एवढी जागा. तरी ठिणगी नाही तर कंडेन्सर बदला.

पेट्रोल. पेट्रोलची नळी वाकवली की कडकन मोडेल, बदला. कार्ब्युरेटरचा पडदा पापडासारखा वाजत असेल तर बदला. पडद्यांचा संच मागताना करवतीचं नाव सांगू नका, कार्ब्युरेटरवर ठोकलेला आकडा सांगा. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, म्हणून इथेनॉल नसलेलं पेट्रोल विचारून घ्या.

तेलाबद्दल. पट्टीवर १६:१, म्हणजे सोळा भाग पेट्रोलला एक भाग तेल, असं लिहिलेलं दिसेल. ते त्या काळच्या तेलांसाठी होतं. हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं आजचं चांगलं तेल घेऊन मी ३२:१ वापरतो, म्हणजे एक लिटरला साधारण ३१ मिली. ५०:१ वर जाऊ नका.

आणि बोटीच्या इंजिनाचं तेल घालू नका! ही चूक इथे सहज होते, कारण पायोनियरची मालकी बोट-इंजिनवाल्यांकडे होती आणि ज्या गॅरेजात करवत निघते तिथेच बोटीच्या तेलाचा डबाही निघतो. ते तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. करवतीत ते तापमानाला टिकत नाही.

हवा. क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, दोन्ही सिलं (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) कडक होऊन हवा गळत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, तेलही त्यातच असल्याने तेही कमी पडतं, आणि चांगला पिस्टन दहा मिनिटांत ओरबाडला जातो. सोडलेल्या थ्रॉटलवर इंजिनाचा वेग आपोआप चढत असेल तर ताबडतोब बंद करा. स्क्रू फिरवून ते लपवू नका.

## ९. साखळी आणि पहिली सुरुवात

साखळी मागताना पिच, म्हणजे कड्यांच्या अंतराचं माप लागतं. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजा आणि दोनने भागा. तीन-अष्टमांश इंच, ०.४०४ इंच, जुन्या मोठ्या करवतींवर अर्धा इंचही येतो. ०.३७५ आणि ०.४०४ डोळ्यांना सारखे दिसतात. कॅलिपरशिवाय दुकानात जाऊ नका. दातेरी चाक, ब्लेड आणि साखळी तिघांचं माप एकच हवं.

बऱ्याच जुन्या करवतींना साखळीचं तेल आपोआप मिळत नाही. मुठीजवळ अंगठ्याने दाबायचं बटण असतं. दाबायचं विसरलात की ब्लेड निळं पडतं.

पहिली सुरुवात ब्लेड आणि साखळी न लावता करा. करवत जमिनीवर, पाय मुठीवर दाबून, आणि आता दोरी. हातात लटकवून झटका द्यायची फॅशन सोडा. सुरू झाली तर मंद वेगावर दोन-तीन मिनिटं, बंद, थंड, पुन्हा एकदा.

*इशारा:* १९७०च्या आधीच्या यंत्रांना बहुतेक साखळीचा ब्रेक नाही, धक्का शोषणारं रबर नाही. ब्लेडचं टोक लाकडाला टेकून करवत उसळली तर मध्ये काहीच नाही. कापायचंच असेल तर हेल्मेट, कानाला मफ, मांड्यांवर चेनसॉचं जाड संरक्षण, आणि ओंडका जमिनीवर पडलेला. उभ्या झाडाला या करवतीने हात घालू नका.

## १०. ठेवताना

टाकी रिकामी करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा. प्लगच्या भोकात तेलाचे थेंब, दोन हळू फेरे, प्लग परत. ओल्या तळघरात नको, सिमेंटच्या जमिनीवर तर नकोच. लाकडी फळी बरी.

मुठीला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधा. माझ्या एका कार्डावर असं आहे: 'पायोनियर, पीटरबरो. पट्टी, मूठ, कार्ब्युरेटर जुळतात. कॉम्प्रेशन १४०. प्लग नवा, पडदे नवे, सिलं जुनी. फिल्टरचं झाकण दुसऱ्या करवतीचं, मूळचं शोधतोय.' शेवटची ओळ सहा वर्षं तशीच आहे.